बिनपावतीचा जोडा

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, असं आमच्या घरी सगळेच म्हणतात. खोटं नाही ते. आता वयोमानानं नाकच इतकं खाली आलंय की राग बसायला गेला तरी घसरतो. पण मी सांगतो ती गोष्ट तो चांगला मांडी ठोकून बसायचा तेव्हाची आहे. वर्ध्याच्या एका शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो, लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं, आणि मी सासऱ्यांवर रुसलेला होतो.

जावयानं रुसावं ही तर रीतच. लग्नात पंगतीला बसताना रुसायचं, सासूनं विनवायचं, कुणीतरी अंगठीचं कबूल करायचं, की जावई हसत हसत जिलबीला हात घालतो. ते रुसणं पंगत उठेपर्यंतचं. माझं रुसणं दहा महिन्यांचं झालं होतं, आणि अंगठीचं कुणी नावही काढत नव्हतं.

झालं होतं असं. दिवाळसणाला आम्ही दोघं वडनेरला गेलो. वडनेर म्हणजे हिंगणघाटच्या पुढं. सासऱ्यांचं घर गावाबाहेर अर्ध्या मैलावर, शेतातच. वांगी, मिरच्या, सांबार (पुण्याकडं ज्याला कोथिंबीर म्हणतात तो) असा भाजीपाला ते लावायचे आणि हिंगणघाटच्या बाजारात न्यायचे. बायकोला गावात तिच्या मैत्रिणींनी अडवलं, म्हणून मी एकटाच पुढं निघालो. अंगात नवा कोट, डोक्यावर कडक टोपी, हातात मिठाईचा पुडा. सासरे अंगणात बाजेवर बसून मिरच्या निवडत होते. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाले, "टोपलं तिकडं ठेव, अन् बैलाले पानी दाखव."

जावयाला! दिवाळसणाच्या जावयाला! लग्नात ज्याला अवतारी विष्णू म्हणून पाटावर उभा केला, ज्याचे पाय धुतले, त्याला म्हणे बैलाला पाणी दाखव!

मी पुडा बाजेवर आपटला आणि आल्या पावली परत फिरलो. मागून सासूबाई हाका मारत आल्या. सासरे उभे राहून "कोन होतं? कोन होतं व?" असं विचारत होते तेही ऐकू आलं, आणि त्यानं तर माझं डोकं अजूनच फिरलं. वरून हे नाटक! त्या दिवशी मी शपथ घेतली, की सासरा स्वतः उठून उभा राहून मला 'या' म्हणत नाही तोवर त्या अंगणात पाय ठेवणार नाही.

बायकोनं माहेरी जावं की नाही, याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. काढायची गरजच काय? नवऱ्यानं उंबरा सोडल्यावर बायको कोणत्या तोंडानं जाणार? ती गेली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आखाडी आली. माहेरचा विषय निघाला की ती चूल फुंकायला बसायची, आणि चूल चांगली भडभडून पेटलेली असायची. मला ते दिसत होतं. पण शपथ म्हणजे शपथ. तरुणपणी माणूस मूर्ख असतो आणि त्याला वाटतं आपण बाणेदार आहोत.

त्या वर्षी भाद्रपद अधिक आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचा महिना. या महिन्यात जावयाला जेवू घालायचं, तेहेतीस अनारसे द्यायचे, काहीबाही वाण द्यायचं. मी जेवायला जाणार नव्हतोच. तेव्हा वाणच मोटारीत बसून आमच्याकडे आलं. साळ्यानं पितळी ताटात अनारसे आणले, वर एक दिवा, आणि काखेत फडक्याचं एक गाठोडं. पाणी प्याला आणि म्हणाला, "बाबानं सांगितलं, महिना सरायच्या आत हा जोडा घालून या. दुसरं काई नाई." एवढं बोलून तो उलट्या मोटारीनं गेलासुद्धा.

मी गाठोडं सोडलं.

अरे देवा! असा जोडा मी जन्मात पाहिला नव्हता. रंग म्हणाल तर हळदीत कुंकू कालवावं तसा. पुढची टोकं विंचवाच्या नांगीसारखी वर वळलेली. दोन्ही बाजूंना पितळी खिळ्यांची नक्षी, आणि वर, खोटं नाही सांगत, एकेक गोंडा. मी एक पाय घालून पाहिला आणि एक पाऊल टाकलं. कर्रर्र-कुंई! शेजारणीनं खिडकीतून डोकावून पाहिलं.

आता वाजणाऱ्या जोड्याची तेव्हा खेड्यात मोठी शान होती, हे मला कळत होतं. जोडे करणारे तळव्याच्या दोन थरांमध्ये चामड्याची पट्टी अशी काही बसवत, की टाच टेकली की आवाज निघायचा. पाटील रस्त्यानं निघाला की चार घरं आधी कळलं पाहिजे. पण तो आवाज असतो 'कर्र कर्र', भारदस्त. हा जोडा तर दाराची बिजागरी आणि मांजराचं पिल्लू एकदम पायाखाली यावं तसा ओरडत होता.

बायको आधी हसली. पदर तोंडात कोंबून हसली. मग तोच पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "बाबानं दहा महिन्यानं काई मागितलं. तुमाले काई देजो नाई म्हनत, काई आनजो नाई म्हनत. नुसता घालून या म्हनते. जाऊ ना आपन?"

माझं मन खरं तर अनारशांच्या वासानंच अर्धं विरघळलं होतं. उरलेलं तिच्या डोळ्यांनी. मी म्हणालो, "जाऊ." तिचा चेहरा असा उजळला की मला माझाच राग आला.

पण या जोड्यात?

"पायाची सवय होऊ द्या," म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी मला तो शाळेत घालायला लावला. मी फाटकातून आत शिरलो आणि पाचही वर्ग एकदम गप्प झाले. मग पहिल्या वर्गातून हसू फुटलं ते पाचवीपर्यंत पोहोचलं. माझ्या वर्गातल्या पोट्ट्यांना तर सोन्याचा दिवस उगवला. मी व्हरांड्याच्या टोकाला असतानाच त्यांना वर्दी मिळायची, त्यामुळे मी वर्गात शिरेपर्यंत सगळे हाताची घडी घालून, गाईच्या वासरासारखे गरीब. आणि मी फळ्याकडे वळलो की मागून कुणीतरी पाटीवर पेन्सिल अशी ओढायचं की हुबेहूब माझा जोडा. कर्रर्र-कुंई! मी वळलो की सगळे पुन्हा वासरं.

दुपारच्या सुट्टीनंतर हेडमास्तरांनी बोलावलं. त्यांना खुर्चीतच दहा मिनिटं डोळा लावायची सवय होती. त्या दिवशी ती मोडली होती. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "गुरुजी, लग्नाचा आहेर का?"

"धोंड्याचं वाण."

"मग देवघरात ठेवा. दर्शनाला येऊ आम्ही."

झालं! मी अनवाणी घरी आलो, जोडा छत्रीत लपवून. रात्रभर विचार केला आणि मला एक अफलातून युक्ती सुचली. ज्या दुकानातून जोडा आला तिथंच तो परत करायचा, त्याच मापाचा साधा काळा, मुका जोडा घ्यायचा, आणि तो घालून वडनेरला जायचं. सासऱ्यांना जोडा घातलेला जावई हवा ना? मिळेल. पुरुषमाणूस, म्हातारा माणूस, जोड्याचा रंग कशाला लक्षात ठेवतोय? बायकोला मोटार सुटल्यावर सांगायचं, की पहिला फाटला. तोवर परत फिरायला उशीर झालेला असेल.

दुकान शोधायला कष्ट पडले नाहीत. अशी चीज ठेवणारं दुकान वर्ध्यात एकच होतं, बाजारातल्या पिंपळाजवळचं. रविवारी सकाळी "वाचनालयात जातो" असं सांगून मी जोडा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि निघालो.

दुकानदार लुकडा, पन्नाशीचा. माणसाच्या तोंडाकडे तो आधी बघतच नसे. पायाकडे बघून बोलायचा. गिऱ्हाईक पायरीवर आलं की पायावरूनच ओळखायचा, "या पटवारीसाहेब," "या वकीलसाहेब," आणि मग मान वर. माझ्या पायांकडे पाहून त्याला काही आठवेना. मी कागद सोडला. जोडा दिसताच त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. उंदीर मारून बाहेर टाकावा आणि मांजरानं तो परत घरात आणावा, तसा बघत राहिला.

"हा माल आपला नाई," तो म्हणाला.

"तुमचाच आहे."

"पावती?"

आता मला सांगा! उभ्या जन्मात ज्यानं कुणाला पावती दिली नाही, ज्याच्या दुकानात पावतीला लागणारा कागदाचा चिटोरा नाही, तो मला पावती मागतो! मी म्हणालो, "तुम्ही देता का कधी पावती?"

"पावती नाई, तर मंग माल कोनाचा हे कसं समजन?"

"असा जोडा अख्ख्या जिल्ह्यात दुसरं कोण ठेवणार?"

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. दुकानदारानं एक सुस्कारा सोडला. मग हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, खरं सांगतो. एका दंडारीवाल्यानं राजाच्या पार्टासाठी बनवून घेतलता. नेलाच नाई त्यानं. दोन सालं हा त्या खिळ्यावर लटकून राह्यला. लेकरं भेत. लय दिवसांनी कोनीतरी घेऊन गेला. आता साक्षात लक्ष्मी जरी म्हनली, का घे वापस, तरी मी नाई घेनार."

दंडार म्हणजे आमच्या गावागावांतलं नाटक-नाच-गाणं, आणि त्यातला राजा म्हणजे ज्याचा मुकुट पुठ्ठ्याचा असतो तो. तर मी एक दिवस राजाच्या जोड्यात वर्ध्यात हिंडलो होतो! राग सरसरून नाकावर चढला. पण वाद घालून काम होणार नव्हतं, म्हणून मी मास्तर असूनही सरळ खोटं बोललो.

"रंगाचं जाऊ द्या. मापात बसत नाही. पाय दुखतो. बदलून द्या, काळा द्या, झालं."

आता पहिल्यांदाच त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मापात बसत नाई? घालून दाखवा."

मी घातला. आणि कुठं दुखतंय हे दाखवायला बोट पुढं केलं तर जागाच सापडेना. टाच टाचेत, अंगठा अंगठ्यात, चवडा असा बसलेला की कुणी पायावरच जोडा शिवावा. दुकानदारानं चहूकडून दाबून पाहिलं. "बाप्पा," तो म्हणाला, "म्हंजे हे पाय तुमचे होय!"

"कोणते पाय?"

"म्हाताऱ्यानं धुतलेले."

मला काही समजेना. त्यानं मला बाकावर बसवलं आणि सांगायला लागला. त्याच्या बोलण्यात आता मालाची फसवाफसवी नव्हती.

"महिनाभर झाला असन. भर दुपारी तो म्हातारा आला, वडनेरकडचा. हात पुढं करत करत पायरी चढला. मी म्हटलं, माप सांगा. तर त्यानं एक जोडा हातात घेतला, डोळे मिटले, अन् आत पंजा घातला. 'हा लहान.' दुसरा घेतला. 'हा मोठा.' मी म्हटलं, बुवा, पायाचं माप हातानं काऊन घेऊन राह्यले? तर म्हने, 'लग्नात याच हातानं धुतले ते पाय. मले माप नोको शिकवू.'"

"बरं, मंग म्हने, वाजते असा दाखव. म्हटलं, घ्या. तर आपन घालाचा नाई, मले घालाले लावला! तीन जोडे घालून मले दुकानात इकडून तिकडं फिरवलं. अन् आपन बसला भिताडाकडं तोंड करून. म्हने, 'दूर जा. अजून दूर जा.' मी रस्त्यावर गेलो, पार त्या पानठेल्यापर्यंत. तिथून हाक मारून इचारलं, येते का ऐकू? म्हने, 'नाई येत. दुसरा घाल.' सारा बाजार हसे माह्यावर. आखरीले मी चिडून हा राजाचा खिळ्यावरून काढला. म्हटलं, घे बाप्पा, याच्या वरचा आवाज ब्रह्मदेवाजवळ नाई. हा घातला अन् ठेल्यापासून आलो, तर म्हातारा उठूनच उभा राह्यला. म्हने, 'हाच. हाच दे.'"

"पण कशाला?" मी विचारलं. 

"मीबी तेच इचारलं. म्हने, 'डोळ्यावर पडदा आला. मानूस उभा दिसते, पन कोन ते नाई समजत. दिवाळीले जवाई दारात आला, अन् मी त्याले गडी समजून बैलाले पानी दाखव म्हटलं. तो गेला तो गेलाच. माही पोरगीबी तवापासून घरी नाई आली. घरात कोनाले डोळ्याचं सांगतलं नाई, पोरीचा जीव घाबरन. पन जवाई दुरून ऐकू आला पायजे. म्हंजे मी अगुदरच उठून उभा राहीन.'"

मी बाकावरून उठलोच नाही. दहा महिने मी ज्या गोष्टीसाठी अडून बसलो होतो, त्या एका उठून उभं राहण्यासाठी हा म्हातारा मोटारीनं वर्ध्याला येऊन, भिंतीकडे तोंड करून, जोड्यांचे आवाज ऐकत बसला होता. आणि मी? मी मुका जोडा घालून त्यांच्या अंगणात जायला निघालो होतो. म्हणजे पुन्हा समोर जाऊन उभा राहणार, आणि पुन्हा ते मला टोपलं ठेवायला सांगणार. मला इतकी लाज वाटली की कधी नव्हे ती माझी मान खाली गेली.

माझी खाली गेलेली मान पाहून दुकानदाराला काय वाटलं कोण जाणे. त्यानं फळीवरून काळा जोडा काढला. "जाऊ द्या पावती. घेऊन जा हा. राजा राहू द्या खिळ्यावर, माही आदतच झाली त्याची."

"अजिबात नाही!" मी ओरडलो. "हात लावू नका त्याला!"

बाकावरची गिऱ्हाइकं उठून गेली. मी जोडा पायातून काढायचंही विसरलो आणि तसाच भर बाजारातून कर्रर्र-कुंई करत घरी आलो. बायको दारातच उभी होती. माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "वाचनालयात आता जोडे भेटतात?"

"उद्या सुट्टी काढतो," मी म्हणालो. "वडनेरला जायचं."

ती विचारत राहिली, काय झालं, एकाएकी काऊन, पण मी तिला डोळ्यांचं काही सांगितलं नाही. ते तिच्या बापानं झाकून ठेवलं होतं. उघडायचं असेल तर त्यांनीच उघडावं.

दुसऱ्या दिवशी मोटारीतून उतरलो तर पाऊस नुकताच उघडलेला, आणि वडनेरची ती काळी माती! एक पाऊल टाकलं की शेरभर चिखल पायाला. जोडा घालून अर्धा मैल चाललो असतो तर राजाचं राज्य वाटेतच बुडालं असतं. मी जोडा फडक्यात गुंडाळून छातीशी धरला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि निघालो. मागून बायको. "लेकरू घेऊन चालल्यावानी चालून राह्यले," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. माहेरच्या वाटेवर ती दहा महिन्यांनी हसत होती.

शेताच्या कडेला नाला लागतो. तिथं बसून मी पाय घासून धुतले, धोतराच्या सोग्यानं पुसले आणि जोडा चढवला. तिथून अंगण चाळीसेक पावलांवर. बाज तिथंच, सासरे बाजेवर, पुढ्यात वांग्यांचा ढीग. तोंड आमच्याच दिशेला होतं, पण आमच्या येण्याची काही खूण त्या तोंडावर नव्हती.

मी मुद्दाम टाच दाबून पहिलं पाऊल टाकलं.

ओल्या पायानं जोडा नेहमीपेक्षाही वाईट किंचाळला. नाल्यावरचे बगळे उडाले. आणि सासऱ्यांची मान वर झाली. हातातलं वांगं खाली पडलं. ते उठले. घाईघाईनं डोक्याचा पटका सारखा केला, धोतर झटकलं, दोन पावलं पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "या जवाईबुवा, या! या, या!"

माझ्या उजव्या हाताला एक निंबाचं झाड आहे. ते त्या झाडाकडे बघून म्हणत होते.

मी झाडाच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि वाकून त्यांचे पाय धरले. आमच्याकडे जावई सासऱ्याच्या पाया पडत नाही, उलटंच असतं. ते गडबडून मागं सरायला लागले. मला काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण मला ते कधीच जमलेलं नाही. तोंडातून निघालं ते एवढंच: "मामाजी, बैलाले पानी दाखवू का?"

 मला वाटलं, गेलं सगळं, मी पुन्हा घाण केली. मग त्यांच्या लक्षात आलं की मला कळलंय. हसायला लागले ते असे हसले की बाजेवर बसावं लागलं, आणि हसता हसता पटक्याच्या टोकानं डोळे पुसत म्हणाले, "दाखवा! दाखवा! पन आता गडी नोको, जवाई म्हून दाखवा!" मी खरंच बैलांना पाणी दाखवलं, राजाच्या जोड्यात. बैल बुजले.

तोवर बायको आत गेली होती. बाहेर आली ती आईच्या हाताला धरून. निंबाच्या झाडाला केलेलं 'या, या' तिनंही पाहिलं होतं; बापाच्या तोंडापुढं तिनं आपली बोटं नाचवली आणि विचारलं, "बाबा, किती?" ते म्हणाले, "पाच असतीन, बोटं पाचच राह्यतात." तिला सगळं समजलं. त्या दिवशी तिनं आधी बापाला झापलं, मग आईला झापलं, मग मला, आणि मग चुलीपाशी जाऊन बसली. या खेपेला चूल खरंच विझलेली होती.

पुढचं वर्षभर तिचं माहेरी जाणं चालू राहिलं, आणि माझंही. शाळेत मी चपला घालायचो. वडनेरला जाताना जोडा. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात हिंगणघाटला डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा सासऱ्यांना आम्हीच घेऊन गेलो. मोतीबिंदू काढला, हिरवी पट्टी बांधली, आणि दीड महिन्यानं बशीसारख्या जाड काचांचा चष्मा आला. चष्मा लागल्यावर म्हातारा काय सुटला! ज्याच्या त्याच्या घरी जाऊन, "तुह्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कवा आल्या?" असं विचारायचा. एक दिवस न सांगता आमच्याकडे वर्ध्याला आले. दारात थबकले.

"घरी दंडारवाले आले का?" त्यांनी विचारलं.

बायकोनं पदर तोंडात कोंबला. मी म्हणालो, "माझा आहे तो. तुम्हीच दिलाय."

ते खाली बसले. जोडा हातात घेतला, चष्म्याजवळ नेला, गोंडा हलवून पाहिला. मग डोळे मिटले आणि आत पंजा घातला.  "मापात तर बरोबर हाये," ते म्हणाले. डोळे उघडल्यावर मात्र कपाळाला हात लावला. "बाप्पा बाप्पा! हे घालून तुमी वर्षभर लोकांत फिरून राह्यले? अन् मले एका शब्दानं नाई बोलले! उठा. आताच्या आता फेरून आनू."

"दुकानदार पावती मागतो," मी म्हणालो.

"मागू दे!"

गेलो आम्ही. जोडा माझ्या पायात, कारण दुकानदाराला तो पायातच दाखवू म्हणून सासरे दुसरं काही घालू देईनात. दुकानदारानं सवयीप्रमाणं आधी चार पाय पाहिले आणि मग वर न बघताच म्हणाला, "आला राजा!"

सासरे त्याच्यावर तुटून पडले. "हा रंग मले काऊन नाई सांगितला?"

"तुमी रंग इचारलाच नाई, बुवा. आवाज इचारला. आवाज चोख देल्ला."

 सासऱ्यांनी भांडणाचा दुसरा धागा शोधला, तोवर त्यानं मागचाच काळा जोडा काढून पुढं ठेवला होता. म्हणाला, वर्षभर वापरलेला माल, पावती नाही, तरी घेतो, म्हाताऱ्यासाठी घेतो. सासऱ्यांनी काळ्यात पंजा घालून माप घेतलं, खूश झाले. "घाला जवाईबुवा. चालून दाखवा."

मी घातला. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, रस्त्यावर उतरलो, पानठेल्यापर्यंत जाऊन परत आलो. छान मऊ जोडा होता. सासरे चष्म्यातून माझ्याकडे बघत होते, मी त्यांना चांगला दिसत होतो, तरी त्यांनी मान एका बाजूला कलती केली होती, कान माझ्याकडे करून.

"वाजत नाई हा," ते म्हणाले.

"नाई वाजत," दुकानदार म्हणाला. "मुका माल हाये."

सासऱ्यांनी काळा जोडा माझ्या पायातून आपल्या हातानं काढला, फळीवर ठेवला आणि राजाचा माझ्यापुढं सरकवला. "राहू दे," ते म्हणाले. "घाला तुमी हाच. रंगाचं काय मोठं."

घरी येताना ते पुढं आणि मी मागं. प्रत्येक दुकानाची पाटी ते थांबून बघत होते, कोणाचं लुगडं हिरवं, कोणाच्या गाडीची चाकं लाल, हे मोठ्यानं सांगत होते. बाजारातली झाडून सगळी माणसं वळून माझ्या पायांकडे बघत होती. सासऱ्यांनी मात्र घरापर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नाही, मी येतोय हे त्यांना ऐकू येत होतं.